अंगणावरचं पाणी

"बंद हाये, बंद हाये! मंग ठेवलं काहाले, ते सांगा ना!"

"वच्छे, कॉक बंद म्हणजे बंद. हँडलले तार बांधली, तारेले पीळ दिला. आता देव आला तरी थेंब खाली जायचा नाही."

"देव काहाले येईन? उघडणार तुम्ही. अन् उघडायचंच नाही, तर भोक पाडलं काहाले?"

"वेळ पडली तर."

"हां! निघालं ना तोंडातून! वेळ पडली तर. अन् ती वेळ कुणाच्या अंगणात पडंन हो?"

जीवराम भंगाळ्यांनी कळण्याच्या भाकरीचा तुकडा ठेच्याला लावला आणि तो तोंडात न घालता हातातच धरून ठेवला. समोर वच्छला सांजोऱ्या लाटत होती. लाटणं भांडणाच्या तालावर पडत होतं, त्यामुळे आजच्या सांजोऱ्या जरा पातळच होत होत्या.

"एवढी मोठी पूर्णा," जीवराम म्हणाले. "पुढं तापी. वरच्या साऱ्या गावांचं काय काय येतं तिच्यात, तुले माहीत नाही का? अन् मासे काय संडासले घरी जातात?"

"मासे तढीच राहतात. त्यांचं घर हाये ते. आपण पाहुणे जाऊन राह्यलो. पाहुण्यानं कसं राहावं?"

"अवं पण नावेत टाकी हाये ना! सारं टाकीतच पडणार. खालचा कॉक नुसता आपला..."

"नुसता आपला शोभेले?"

जीवरामांनी तुकडा तोंडात घातला. उत्तर नसलं की ते खूप वेळ चावत. वच्छलाला हे लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

भांडण सकाळपासून चाललेलं. उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. उद्या सकाळी ट्रॅक्टर येणार, मुक्ताईनगरच्या या घराच्या मागच्या अंगणात ट्रॉलीवर चढवून ठेवलेली शिडाची नाव ओढत बॅकवॉटरला नेणार, आणि वच्छला आखाजीला माहेरी जाणार. म्हणून सकाळी ती हळदकुंकवाची वाटी घेऊन नावेची पूजा करायला गेली. नाकाडावर पाच बोटं ओढली, बाजूला ओढली, आणि पोटालाही लावावं म्हणून वाकून खाली गेली, तर तिथं पितळेचं एक तोंड. नवं कोरं, उन्हात चमकणारं, सरळ जमिनीकडे आ वासलेलं. तिनं त्याच्यात बोट घालून बघितलं. मग हळदीची वाटी तिथंच ठेवली आणि घरात येऊन विचारलं, "हे तोंड कुणाचं?"

तेव्हापासून हे.

आखाजीला माहेरी जाणं ही खानदेशातल्या कुठल्याही बाईला समजावून सांगायची गोष्ट नाही. दिवाळी राहिली तर राहू द्या, पण आखाजीला लेक माहेरी गेली नाही तर तिच्या सासरचं काहीतरी चुकलं, असंच गाव धरून चालतं. झाडांना झोके बांधतात. लेकी झोक्यावर उभ्या राहून सासरच्या माणसांची नावं घेऊन घेऊन गाण्यात त्यांची उणीदुणी काढतात, आणि त्या दिवशी त्यांना कुणी काही बोलत नाही. घरात पितरांची घागर भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात, आंबे ठेवतात, सांजोरीचा नैवेद्य दाखवतात. वच्छलाला हे सगळं आठवत होतं ते एका निंबाखालचं. आसलवाड्याच्या. त्या निंबाच्या फांदीला झोका उंच गेला की एका टोकाला पूर्णेचं पाणी दिसायचं आणि दुसऱ्या टोकाला मारुतीच्या पाराचा चौथरा.

आता निंब नाही. चौथरा पाण्याखाली. हतनूरचं धरण झालं तेव्हा पूर्णाकाठची जी गावं उठली, त्यात आसलवाडं होतं. वच्छला तेव्हा लग्नाच्या वयाची. तिचं लग्न लागलं ते नव्या आसलवाड्यात, माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं निंबही नव्हता आणि अंगणाला कडही नव्हती. नवरदेवाकडच्या एका बाईनं विचारलं होतं, "व्हय वं, तुमचं घर कुठून सुरू होतं अन् कुठी संपतं?" वच्छलाच्या मायनं तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला होता. माय नव्या जागेत फारसं बोलायचीच नाही.

माय गेली, आबा गेले. भाऊ होता तोवर आखाजीला नव्या आसलवाड्याला जाणं व्हायचं. मग भाऊ घर विकून सुरतेला गेला. तिकडे तो घागर भरतो की नाही, तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून विचारलं नाही.

आणि वच्छला दीपनगरला. जीवराम वीजघरात पाइप फिटर होते. कॉलनीचं क्वार्टर, नळाला चोवीस तास पाणी, आणि आभाळात चिमण्या. पापड वाळत घातले की त्यावर राखेची नाजूक साय धरायची. नव्यानं आलेल्या बाया रडायच्या. वच्छला पापड झटकून डब्यात भरायची. ललित तिथंच जन्मला, तिथंच शिकला, पुण्याला गेला. आता त्याच्या बायकोला दिवस गेलेत, म्हणून जूनपासून आईवडलांनी पुण्याला यावं असं ठरलंय. किती दिवसांसाठी, हे ललितही सांगत नाही आणि हे दोघंही विचारत नाहीत. मागच्या दाराच्या किल्ल्या कुणाकडे ठेवायच्या, याची मात्र बोलणी झालीत.

म्हणजे ही आखाजी. पुढची कुणी बघितली.

आता भंगाळ्यांच्या अंगणात शिडाची नाव कशी, हेही सांगितलं पाहिजे, कारण ज्या दिवशी ती आली त्या दिवशी अख्ख्या गल्लीनं हाच प्रश्न विचारला होता.

जीवराम तरुणपणी मुंबईच्या गोदीत अप्रेंटिस होते. आठवडाभर जहाजांच्या पोटात पाइप जोडायचे आणि रविवारी समुद्राच्या कठड्यावर बसून मोठ्या लोकांच्या लहान लहान शिडाच्या नावा बघायच्या. इंजिन नाही, आवाज नाही, आणि तरी चाललेलं काहीतरी. एकदा एका साहेबानं त्यांना दोर धरायला म्हणून नावेत घेतलं. मग दर रविवारी घेतलं. पुढं दीपनगरची नोकरी लागली आणि समुद्र संपला. पण जेवता जेवता कधी पंख्याचा वारा अंगावर आला की जीवराम मान वळवून तो कुठल्या बाजूनं येतोय ते बघायचे. पंख्याचा वारा! वच्छला हसायची.

रिटायर होऊन मुक्ताईनगरला राहायला आल्यावर त्यांनी कोकणातल्या कुठल्या तरी क्लबानं मोडीत काढलेली एक जुनी फायबरची नाव मिळवली. आणायची कशी? सावद्याहून केळी भरून मुंबईला गेलेला ट्रक परत येताना रिकामाच येतो. त्याच्यात केळीच्या वाळल्या पानांची गादी करून नाव झोपवली आणि वर पुन्हा पानं. गल्लीत ट्रक उभा राहिला तेव्हा पोरं म्हणाली घसरगुंडी आली. समोरचे नथ्थूनाना काठी टेकत आले, पानं बाजूला करून बघितलं आणि म्हणाले, "जीवरामभाऊ, पूर येणार हाये असं कळलं का तुम्हाले काही?"

वच्छलानं त्या दिवशी कपाळाला हात लावला होता. रात्रीच्या भाकरी थापताना तिनं विचारलं, "हे चालवणार कुठी तुम्ही?"

"बॅकवॉटरले."

"कुठलं बॅकवॉटर?"

"तुह्या माहेरावरचं."

तिच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आधी फाटली.

मग दोन वर्षं तो माणूस त्या नावेला घासत होता, भेगा बुजवत होता, नवी डोलकाठी उभी करत होता. वच्छला चहा घेऊन जायची आणि तिथंच बसायची. शीड शिवून आलं तेव्हा अंगणात दोघांनी ते पसरलं, तर ते अंगणात मावेना. एक टोक वच्छलानं विहिरीच्या कठड्यावर धरलं होतं. वारा आला, शीड फुगलं आणि तिचे हात ओढले गेले. "अहो! नेतंय मले!" ती ओरडली. जीवराम हसत म्हणाले, "नेऊ दे की!"

आणि गेल्या आखाजीला ते गेले.

गेले म्हणजे निघाले. बॅकवॉटरला मासे धरणारा वना सोबत होता, कारण आसलवाडं पाण्यात नेमकं कुठं, हे वनाच्या जाळ्यांना माहीत होतं. तिथं जाळं अडकतं. भिंतीत, उंबऱ्यात, खुंट्यात. वना आपल्या डोंगीत पुढं, मागं हे दोघं. वच्छलाच्या मांडीवर तांब्याची घागर, रिकामी. आसलवाड्याच्या पाण्यानं भरायची होती. माहेरची घागर लेकीनं भरायची नसते हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पण मग कुणी भरायची?

तर आदल्या रात्रीपासून तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता. ब्लडप्रेशरची गोळी होती, जिला ती पाण्याची गोळी म्हणायची, कारण ती घेतली की सारखं उठावं लागतं. तीही घेतली नव्हती. यात नवीन काही नव्हतं. एसटीनं जायचं असो, कुणाच्या लग्नाला जायचं असो, वीजघराच्या सहलीला असो, वच्छला आदल्या रात्रीपासून पाणी बंद करायची. तिची माय करायची, तिच्या शेजारणी करतात. याला कुणी काही नाव दिलेलं नाही.

वैशाखातलं ऊन, वर आभाळ, खाली आरसा. पाण्याच्या मधोमध तिचं डोकं गरगरायला लागलं. वना पुढून ओरडत होता, "अक्का, तो पाहा, त्या बगळ्याच्या सरळ रेषेत, तढी तुमचं गाव!" आणि अक्काला मान उचलवत नव्हती. ती नावेच्या कडेवर वाकली, कोरड्या उलट्या काढत. तेवढ्यातही तिनं पदर तोंडाशी धरला होता, पाण्यात काही पडू नये म्हणून. जीवरामांनी नाव फिरवली. घागर रिकामीच परत आली.

दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टर पोरगी होती, नव्यानं आलेली. रागावून म्हणाली, "काकू, एवढ्या उन्हात पाणी का नाही प्यायलात?"

वच्छला म्हणाली, "नावेत कुठी जाणार, बाई?"

डॉक्टरणीनं मान हलवली आणि पुढच्या पेशंटकडे गेली. तिला ते नवीन नव्हतं. नवीन होतं ते स्टुलावर बसलेल्या माणसाला. जीवरामांनी सलाइनच्या नळीतले थेंब मोजले. मग हळूच विचारलं, "शिर्डीले गेलतो तेव्हा?"

"तेव्हाबी."

"ललितच्या लग्नाले, पुण्याले?"

"तेव्हाबी."

"साऱ्याच वेळी?"

"अहो, झोपू द्या ना मले."

दुसऱ्या दिवसापासून जीवरामांनी संडासाचं काम काढलं.

मोबाइलवर व्हिडिओ बघितले. कुठल्या कुठल्या देशातले गोरे म्हातारे आपापल्या नावेत मैल्याची टाकी कशी बसवतात, ते दाखवत होते. जीवरामांना इंग्रजी अर्धं कळायचं, पाइप पूर्ण कळायचे. टाकी म्हणून त्यांनी केळीच्या बागेत ठिबकमधून खत सोडतात ती लहान टाकी आणली, जाड प्लास्टिकची, नवी. ती डावीउजवीकडे ठेवली तर भरल्यावर नाव कलंडेल म्हणून बरोबर मधोमध, बाकाखाली बसवली आणि पट्ट्यांनी आवळली. पुढच्या टोकाला, जिथं कोंबडीनंही अंग चोरून बसावं एवढ्याशा जागेत, लहानशी बैठक. बैठकीपासून टाकीपर्यंत जाड नळी. टाकीतली हवा बाहेर जायला एक बारीक नळी, जी त्यांनी पहिल्यांदा आतच सोडली होती.

"वास आत आला तर?" वच्छलानं विचारलं.

जीवरामांनी तिच्याकडे बघितलं, नळी उपसली आणि डोलकाठीच्या कडेनं वर नेली. टाकी रिकामी करायला वरच्या फळीवर झाकणाचं तोंड ठेवलं. घरी आणायची, हातपंप लावायचा आणि मागच्या शोषखड्ड्यात सोडायचं. सगळं ठरलेलं.

मग एका दुपारी म्हणाले, "चल, बसून बघ."

"कुठी?"

"नावेत. मापाचं हाये का नाही ते कळायले पाहिजे."

"अहो, भरदुपारी! नथ्थूनाना ओट्यावर बसले हायेत!"

"पडदा लावला ना मी."

"पडदा लावून बाई आत गेली म्हणजे काय करून राह्यली, ते काय नथ्थूनानाले कळत नाही?"

"अवं, साडीसकट बसायचं! टेस्टिंग हाये!"

शेवटी गेली. स्टुलावरून नावेत, वाकून आत, पडद्यामागं. बाहेरून आवाज: "गुडघे लागतात का?" आतून: "हळू बोला!" बाहेरून: "उठताना धरायले काही पाहिजे का?" आतून बांगड्या वाजल्या. मग: "डाव्या हाताले एक कडी पाहिजे." आणि मग हसू. एवढं हसू की बैठक हलायला लागली. ओट्यावरून नथ्थूनाना ओरडले, "जीवरामभाऊ, काय जोक झाला? आम्हालेबी सांगा!"

जीवरामांनी कडी बसवली. पितळेची, कोपरे घासून गुळगुळीत केलेली. वच्छलानं ती पदरानं पुसली. तिला वाटलं, आयुष्यात कुणी आपल्यासाठी एवढ्या नेमकेपणानं काही केलं नाही. रात्री तिनं दुधात साखर जरा जास्त घातली.

चार दिवसांपूर्वी वना घरी आला होता. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "अक्का, यंदा पाणी खूप खाली गेलं. तुमचा पार उघडा पडला."

"मारुतीचा?"

"मारुती तर तुम्ही तव्हाच नेला ना वर. पण चौथरा हाये. बगळे बसून राह्यले त्याच्यावर. उगवतीकडं उंबऱ्यांच्या दगडांची रांग हाये, पाण्याखालून दिसते."

वच्छला खाली बसली. "उगवतीकडून तिसरं आमचं."

"मंग तुमच्या अंगणावरूनच नाव नेतो," वना सहज म्हणाला. "पुरुषभर पाणी असंन. निवळ हाये. तळ दिसतो."

तेव्हापासून तिला झोप नव्हती. अंगण दिसणार. पुरुषभर पाण्याखाली, पण दिसणार. कडेची दगडी दोणी असेल का? उंबऱ्याला आबांनी ठोकलेला नाल?

आणि आज सकाळी हे पितळेचं तोंड.

"ऐकून तर घे," जीवरामांनी आता ताट जरा पुढं सरकवलं. "दीपनगरात किती टाक्या बसवल्या मी. ऑइलच्या, ॲसिडच्या, पाण्याच्या. एकबी टाकी बिनड्रेनची नाही. आमचा फोरमन सांगायचा, ज्या टाकीले खालून वाट नाही ती टाकी नाही, बॉम्ब हाये. हात आपोआप जातो गं! वरचं तोंड चोंदलं, पंप बिघडला, टाकी भरून उतू चालली, तर मध्यपाण्यात काय करशील?"

"दोघांची टाकी. एका दिवसात किती भरंन? काही जेवणावळ हाये का?"

"ते खरं. पण..."

"पण काय?"

"पण टाकी म्हटली की ड्रेन."

"मंग भोक बुजवा."

"आता?" जीवराम हसले, पण हसू वरच्या ओठापर्यंतच आलं. "आता बुजवायचं म्हणजे कॉक काढा, भोक घासा, फायबरचं कापड लावा, रेझिन चोपडा, वरून परत कापड. अन् वाळायले एक दिवस पाहिजे. पुरा एक दिवस. डब्यावर लिहिलं हाये. कच्चं असताना पाण्यात घातलं तर तू अन् मी, दोघंबी कायमचे तुह्या माहेरी. उद्या आखाजी हाये, वच्छे. बुजवायचं म्हणशील तर आखाजी गेली. उद्या जाऊन येऊ. मी शप्पथ घेतो, हात लावणार नाही कॉकले. आल्यावर बुजवतो."

"आल्यावर काय उपयोग?"

"अवं पण तू इतकी... तुले जायचं हाये का नाही?"

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. विचारल्याबरोबर त्यांनाही ते कळलं. वच्छलानं लाटणं बाजूला ठेवलं. पोळपाटावरची सांजोरी अर्धी गोल, अर्धी लांबट होऊन पडली होती.

"आसलवाड्याले," ती म्हणाली, "नदी घरापासून हाकेवर. पण बाया तिकडं नाही जायच्या. अंधारात उठून उलट्या बाजूले जायच्या, नाल्यापलीकडच्या बाभळीत. तांब्या घेऊन, काट्याकुट्यातून. एकदा एक नवी सून नदीकडं गेली, जवळ पडतं म्हणून. तर गल्लीतल्या साऱ्या बायांनी तिले घाट धुवायले लावला. वरपासून खालपर्यंत. मारलं नाही, बोललं नाही. धुवायले लावला."

"ते ठीक हाये, पण..."

"थांबा. माझं झालं नाही." तिनं पिठाचे हात एकमेकांवर झटकले. "आम्ही उठलो त्या दिवशीचं तुमले कधी सांगितलं का मी?"

जीवरामांनी मान हलवली. तिनं गाव उठल्याचं सांगितलं होतं, पण त्या दिवसाचं नाही.

"गाडीत सामान चढलं. चूल सुद्धा फोडून घेतली होती आबांनी, दगड चांगले होते म्हणून. मी गाडीवर, भाऊ गाडीवर. आबा हाका मारून राह्यले, अन् माय काही येईना. आबा म्हणाले, वच्छे, पाहून ये काय करते. मी गेली. तर माय घर सारवून राह्यली."

"सारवून?"

"रिकामं घर. भांडं नाही, चूल नाही. अन् ही बाई पदर खोचून शेणानं सारवून राह्यली. सारं. आतली खोली, ओसरी, अंगण. आबा मागून आले, अन् डोक्यावर हात मारून म्हणाले, अवं येडी झाली का? बुडणाऱ्या घराले सारवतं का कुणी? तर माय म्हणे, पाणी घरात येणार ना? आलं तर ते पाहुणंच. पाहुण्याले घाण घर दाखवू का मी?"

बाहेर ट्रॉलीवर नावेच्या दोराची कडी वाऱ्यानं डोलकाठीवर वाजली. पश्चिमेचा वारा दुपारून सुटायचा तो सुटला होता. दोघांनीही तो ऐकला. जीवरामांची मान नेहमीसारखी वळली नाही.

"मंग मागं मागं सरत आली," वच्छला म्हणाली. "सारवत सारवत, पावलं उमटू नये म्हणून. उंबऱ्यापाशी रांगोळीची दोन बोटं ओढली. मी दारात उभी. मले आत जायचं होतं. माझी बाहुली राह्यली होती कोनाड्यात, एवढी मोठी झाली होती तरी बाहुली. मी पाय उचलला तर माय म्हणाली, वच्छे, पाय देऊ नको. ओलं हाये."

एका बोटावरचं वाळलेलं पीठ तिनं नखानं खरवडलं.

"अजून ओलंच असंन ते," ती म्हणाली.

जीवरामांच्या ताटात भाकरीचा शेवटचा तुकडा राहिला होता. तो त्यांनी उचलला, खाल्ला, चावला. तांब्यातलं पाणी ताटात ओतून हात धुतला. पंचाला पुसला. वच्छला बघत होती. हा माणूस आता काय म्हणेल याची तिनं तिच्या मनात सगळी वाक्यं म्हणून बघितली, आणि प्रत्येक वाक्याला तिच्याकडे उत्तर तयार होतं.

जीवराम उठले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, नेहमीसारखे. फडताळाच्या वर चढवलेली फायबरच्या कापडाची गुंडाळी त्यांनी ओढून काढली. मागच्या दाराशी ठेवलेला रेझिनचा डबा हलवून बघितला. आत किती आहे ते आवाजावरून कळत असावं, कारण दुसऱ्यांदा हलवला नाही. मोठा पाना कोपऱ्यातून उचलला.

वच्छला अर्धवट उठली, पिठाचे हात हवेत धरून.

"अहो," ती म्हणाली. "ललितचे पप्पा. ऐका ना. सकाळपर्यंत वाळंन का ते?"

जीवराम उंबऱ्यावर थांबले. पायात चप्पल सरकवली. दारातून वर आभाळाकडे बघितलं, त्या पांढऱ्याफेक, डोळ्याला टोचणाऱ्या वैशाखी उन्हाकडे, असं बघितलं की जणू त्यालाच काही विचारायचं आहे. मग टोपी कपाळावर ओढली, डबा काखेत मारला आणि उन्हात नावेकडे निघून गेले.